पायलचे बूट आणि सुभेदारांच्या कोर्टाची हद्द

प्रति,
मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी,
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय,
बुलडाणा.

अर्जदार : सौ. गोजरबाई भागवत सुरडकर, धंदा पिठाची चक्की,
मु. निमखेड फौजी, पो. उंद्री, ता. चिखली, जि. बुलडाणा.

विषय : गावातील निवृत्त सैनिकांनी मैदानावर भरवलेल्या कोर्टमार्शलला माझ्या मुलीचे बूट जप्त करण्याचा व तिचे धावणे बंद करण्याचा अधिकार आहे किंवा कसे, हे लेखी कळविणेबाबत.

संदर्भ : 'सैनिक न्याय मंडळ, निमखेड फौजी' यांचा निकाल, मारुतीच्या देवळाच्या भिंतीला खळीने चिकटवलेला.

महोदय,

१. आपण फौजेतले. मुद्द्यावर या, असे म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून पहिल्यांदा हेच मांडते की, माझ्या मुलीला दोषी ठरवून आमच्या गावचे सुभेदार (निवृत्त) उकंडराव चिंचोले यांना मिळणार काय होते. शेत नाही, बांध नाही, मतही नाही. सरपंचकी त्यांनी चालून आलेली नाकारली आहे. मिळणार होती फक्त एक खुर्ची. शाळेतून आणलेली, हाताची, एका पायाखाली खापरी लावलेली. ज्या माणसाच्या एका हाकेवर अख्खी कंपनी सावधान होत असे, तो माणूस निवृत्त होऊन घरी आला, तेव्हा त्याच्या येण्याने उभे राहणारे घरात कोणी नव्हते. त्यांच्या मंडळी आशाबाई त्यांना बघून सावधान होत नाहीत, "चपला बाहेर काढा" म्हणतात. मी चक्कीवर बसते. दळण किती आणि ते आणणारा माणूस किती वजनाचा, हे मला तराजूच्या आधी कळते. सुभेदारांना त्या खुर्चीची भूक होती, आणि ती भूक मला समजते. पण भूक त्यांची आणि पीठ माझ्या लेकीचे, हे मला मंजूर नाही. म्हणून हा अर्ज.

२. आमच्या गावाची माहिती आपल्या दप्तरी असेलच. गल्लीगल्लीत एक तरी माजी सैनिक आहे. आमच्याकडची पोरे बारशाला रडत नाहीत, हजेरी देतात, अशी चेष्टा बाहेरगावचे लोक करतात. शाळेमागचे गायरान या निवृत्त मंडळींनी स्वतः खपून सपाट केले, बाभळीचे काटे वेचले, चुन्याने पट्ट्या आखल्या. भरतीची तयारी करणारी पोरेपोरी पार उंद्रीहून तिथे धावायला येतात. हा उपकार मी नाकारत नाही. नाकारला तर माझा पुढचा शब्द आपण ऐकू नये.

कोर्टाचा जन्मही याच मैदानावर झाला. तीन वर्षांमागे दोन सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर गेले. सुभेदारांनी दोघांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. दोघांना सारखाच दम लागला, दोघे एकाच माठातले पाणी प्याले आणि भांडण मिटले. गाव पोट धरून हसले, आणि गावाची चूक तिथेच झाली. कारण पुढच्या वेळी गाव हसले नाही, नुसते हजर राहिले. मग फिर्यादी येऊ लागल्या. मंडळाला नाव मिळाले, शिक्का मिळाला, "मुलजिम हाजिर हो" अशी हाक मिळाली. एका जावयाची दारू सुटली, एका म्हशीचा खरा मालक ठरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. निकाल चांगले लागतात म्हणजे निकाल देणाऱ्याला अधिकार असणारच, अशी समजूत करून घेणारे गाव जिल्ह्यात दुसरे नसेल.

३. माझी मुलगी कु. पायल, वय वीस, पोलीस भरतीची उमेदवार आहे. पुढच्या महिन्यात बुलडाण्याला तिची मैदानी चाचणी आहे. गेल्या खेपेला आठशे मीटरमध्ये अगदी थोडक्यात तिचे गुण गेले. यंदा तिने वर्षभर त्याच मैदानावर घाम गाळला. तालुक्यात आमच्या बाजूला मोजून आखलेली पट्टी तेवढी एकच आहे. रस्त्यावर धावून दम वाढतो, वेळ कळत नाही. या चाचणीवर तिची भरती आहे, आणि भरती झाली नाही तर साखरखेर्ड्याचे एक स्थळ आहे ज्यांना मुलगी पळणारी नको, बसणारी पाहिजे. म्हणजे प्रश्न बुटांचा वाटतो, तेवढा बुटांचा नाही.

४. घटना अशी. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सराव-शर्यत होती. वेळ लावायचे घड्याळ एकच, म्हणून पोरे-पोरी एकत्र धावत होते. सर्वांत पुढे गोपाल, हा सुभेदारांचा नातू, अग्निवीरच्या तयारीत असलेला. त्याच्या मागे पायल. शेवटच्या वळणावर गोपालच्या पोटरीत गोळा आला आणि तो आडवा झाला. सुभेदारांनी खुर्चीतून उठून आवाज दिला, "थम!" हा आवाज ऐकून झाडावरचे बगळेही उडाले. पण गोपाल जमिनीवरूनच ओरडला, "थांबू नको बे, पय! टाइम चालू हाये!"

पायल पळाली. तिने आजवरची सगळ्यात चांगली वेळ लावली आणि रेषेपलीकडे जाऊन ती हसली. नंतर मागे फिरून तिनेच गोपालचा पाय ताणून दिला. हे सगळे मैदानाने पाहिले. सुभेदारांनी फक्त हे पाहिले की, त्यांचा हुकूम मैदानावर पडला आणि कोणी उचलला नाही.

५. दुसऱ्या दिवशी आरोपपत्र आमच्या चक्कीच्या दाराला लागले. आरोप पहिला : वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम न मानणे. आरोप दुसरा : जखमी साथीला मैदानावर टाकून पुढे जाणे. आरोप तिसरा : अनुशासनाला बाधा येईल अशा प्रकारे हसणे.

तिसरा आरोप वाचून मलाही हसू आले. तो आरोप माझ्यावर अजून लागायचा आहे.

६. सुनावणीच्या दिवशी पहिला पेच कायद्याचा नव्हता, कपड्यांचा होता. फौजेच्या रिवाजाप्रमाणे आरोपीला टोपी आणि पट्टा उतरवून समोर आणतात. मुलीला टोपी नाही, पट्टा नाही. मग उतरवायचे काय, यावर कोर्ट अडून बसले. कोणीतरी ओढणीचे नाव काढले आणि मी बाकावरून उठले. ते नाव त्याने तिथल्या तिथे गिळले. मग शिट्टी उतरवावी, घड्याळ उतरवावे, असे करत करत नजर तिच्या पायांवर गेली. गुलाबी बूट, हिरव्या नाड्या, बुलडाण्याहून आणलेले. ते उतरवले गेले, टेबलावर ठेवले गेले आणि लगेच 'मुद्देमाल' झाले. ती अनवाणी उभी राहिली, तिचे बूट मात्र टेबलावर बसले.

७. दुसरा पेच अधिकाराचा. आरोपीला एक मित्र देता येतो, असा फौजी रिवाज सुभेदारांनाच आठवला, म्हणून मंडळातलेच निवृत्त हवालदार सईद खाँ पठाण हे पायलचे मित्र झाले. सईदभाई आता चिखली रस्त्याला मोटारपंप दुरुस्त करतात. त्यांनी उठून एवढेच विचारले, "सुभेदारसाब, ये बच्ची फौज में भरती कब हुई?"

त्यावर सुभेदारांनी जे उत्तर दिले ते मी शब्दशः देते, कारण माझा सगळा अर्ज त्याच्याविरुद्ध आहे. "कायद्यात लिहेल हाये. छावनीत, नाहीतर कूच करतानी, फौजेच्या संगं जो सिव्हिलियन असंन, थो बी फौजेच्या कायद्याखाली येते. हे मैदान म्हंजे आपली छावनी. सकाळचं पयनं म्हंजे कूच. अन् थे पोरगी आपल्या संगं पयत होती का नाही? मंग सांग."

सईदभाई म्हणाले, "मंग दूधवाला रोज याच मैदानातून सायकल काढते. त्याले बी धरा."

लोक हसले. सुभेदारांनी टेबलावर हात आपटला. दूधवाल्याचे नाव मात्र टिपून घेतले गेले.

८. सईदभाईंची मुलगी मलिहा चिखलीच्या कोर्टात वकिली करते. तिने मला सैन्य कायदा वाचून दाखवला. मी तो कळेल तेवढा आणि आठवेल तेवढा सांगते. चुकले तर आपण दुरुस्त करावे, आपल्याला अधिकार आहे.

तिचे म्हणणे असे. छावणीची आणि कूचची ती ओळ खरी आहे. पण ती खऱ्या फौजेबरोबर राहणाऱ्या, तिच्या नोकरीत असणाऱ्या लोकांसाठी आहे. म्हणजे आधी फौज पाहिजे. आमच्या मैदानावर त्या दिवशी फौजेचा चालू नोकरीतला एकही माणूस नव्हता. न्याय देणारे सगळे निवृत्त. निवृत्तीनंतर त्यांच्यावरच तो कायदा उरत नाही, नोकरीतले काही जुने प्रकरण तेवढे ठराविक मुदतीत उकरता येते. ज्यांना स्वतःला त्या कायद्याखाली बसवता येत नाही, ते आम्हाला बसवत आहेत. पुढे तिने आणखी एक सांगितले, त्याने मी दळण बंद करून ऐकत राहिले. फौजेच्या माणसाने शांततेच्या काळात गावातल्या साध्या माणसाचा खून केला, तर सहसा तो खटला खरे कोर्टमार्शलही चालवत नाही. तो साध्या न्यायालयात जातो.

महोदय, खरे कोर्टमार्शल जिथे खुनालाही हात लावत नाही, तिथे आमचे कोर्ट एका मुलीच्या धावण्याला हात घालते. खऱ्याला आपली हद्द कुठे संपते हे माहीत आहे. आमच्याला चुन्याची पट्टी कुठे संपते एवढेच माहीत आहे, आणि ती पट्टी गोल आहे.

९. आपण म्हणाल, चक्कीवरच्या बाईला खऱ्या-खोट्या कोर्टमार्शलमधला फरक कशाला ठाऊक असणार. तो मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरात एक खरे होऊन गेले आहे. हे गावाला माहीत आहे आणि गावाने आम्हाला ते विसरू दिलेले नाही.

माझे पती भागवतराव पलटणीत नाईक होते. पायलच्या जन्माच्या वेळी मी बुलडाण्याच्या दवाखान्यात अडले. मूल की आई, असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तेव्हा भागवतरावांची रजा संपत आली होती. त्यांनी वाढीव रजेची तार केली. उत्तर आले नाही. ते थांबले. दोघी वाचलो, आणि मग ते परत गेले. तिथे त्यांच्या कमांडिंग ऑफिसरनी समरी कोर्टमार्शल भरवले. म्हणजे न्याय देणारे एकटे साहेबच. सोबत दोन जण बसलेले, ते फक्त हजर. विचारले, गुन्हा कबूल? रजा संपली होती हे खरे होते. ते म्हणाले, कबूल. आणखी काही बोलले नाहीत. महिनाभराची कैद झाली आणि नाईकाची फीत उतरली. ते शिपाई म्हणूनच निवृत्त झाले.

ती शिक्षा मला कडक वाटली, आजही वाटते. पण ती मी मानली. कारण ते साहेब त्या दिवशी एकटे न्याय देत असले, तरी शेवटचे नव्हते. आरोपाचा कागद आधी हातात मिळाला होता, आणि निकालाचे सगळे कागद त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे गेले. तो अधिकारी शिक्षा कमी करू शकत होता, अख्खा निकाल रद्द करू शकत होता. त्याने केला नाही, ही गोष्ट वेगळी. पण वर कोणीतरी होते. आमच्या मैदानावर खुर्चीच्या वर फक्त लिंबाची फांदी आहे.

२६ जानेवारीला आमच्याकडे माजी सैनिक हुद्द्याप्रमाणे रांगेत उभे राहतात. सुभेदार पहिले, भागवतराव शेवटचे. इतकी वर्षे माझी मुलगी ती रांग बघत वाढली. शाळेत तिला कोर्टमार्शलवाल्याची पोर म्हणत. तिला हे कधीच कोणी सांगितले नाही की, ते कोर्टमार्शल तिच्यासाठीच झाले होते. मीही सांगितले नाही. ते त्या दिवशी मैदानात तिला कळले.

१०. ते असे. गोपालची साक्ष झाली. तो सरळ म्हणाला, "आबा, म्याच तिले पय म्हणलो. तुमचा हुकूम आधी आला, माहा नंतर आला. तिनं आखरीचा मानला." कोर्टाने याची नोंद 'आरोपी व साक्षीदार यांची मिलीभगत' अशी केली. मग सुभेदारांनी मार्ग काढल्यासारखे करून भागवतरावांकडे पाहिले. "भागवत, समजाव पोरीले. कबूल म्हन म्हना, आर्धी शिक्षा माफ करतो. तुले तर माहीतच हाये कसं असते थे. थेव्हा बी तू हिच्याच पायी गेला होता."

सगळे भागवतरावांकडे बघू लागले. ते चक्कीतून तसेच आले होते. भुवयांवर पीठ होते. ते उठले. टाचा जुळवल्या, हात मांडीला लावले, हनुवटी वर केली. वीस वर्षांत, २६ जानेवारीच्या रांगेतही, मी त्यांना तसे उभे राहिलेले पाहिले नव्हते.

म्हणाले, "गुन्हा नाकबूल, साहेब."

सुभेदार म्हणाले, "तुले कोन विचारलं बे? पोरीले विचारलं."

भागवतराव म्हणाले, "माहं बी राह्यलं होतं, साहेब. थेव्हा म्हनता नाही आलं. दोन्ही लिहून घ्या."

पायल बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माहं बी तेच लिहा. नाकबूल." तिचे अनवाणी पाय जागचे हलले नाहीत.

११. निकाल : तीन महिने मैदानबंदी, म्हणजे चाचणी होऊन जाईपर्यंत आणि वर आणखी. बूट जप्त. २६ जानेवारीला झेंड्यासमोर, सर्व माजी सैनिकांच्या रांगेपुढे, जाहीर माफी.

अपील कोणाकडे करायचे, असे सईदभाईंनी विचारले. सुभेदार म्हणाले, "माह्याकडेच."

१२. मग मी दारे ठोठावली. ठाण्यातले जमादार म्हणाले, "ताई, फौजेचा मामला हाये, आमी त्यात नाही पडत." एका कार्यालयात सांगितले, मैदानाचे काम क्रीडावाल्यांकडे. क्रीडावाले म्हणाले, गायरान म्हणजे ग्रामपंचायत. सरपंच म्हणाले, "काकू, सुभेदारांच्या हद्दीत मी कसा येऊ?" ज्याच्याकडे गेले त्याची हद्द आपापल्या दारात संपत होती. पूर्ण गावात एकच हद्द कुठे संपत नाही, ती सुभेदारांची. आपल्याकडे येण्याचे कारण एवढेच की आपण सैनिकांचे कल्याण बघता. या सैनिकांचे कल्याण आता त्यांना थांबवण्यातच आहे.

१३. सध्या पायल उंद्री रस्त्याच्या कडेने धावते. पहिले दोन दिवस अनवाणी धावली; पायाला फोड आले. तिसऱ्या दिवशी गोपालने आपले जादा बूट तिला आणून दिले. ते तिला मोठे होतात, म्हणून पुढे कापूस कोंबून घालते. भागवतराव सायकलवर मागे असतात, मैलाच्या दगडावर वेळ मोजतात आणि "जोरात, जोरात" म्हणतात. ते एवढे मोठ्याने बोलू शकतात, हे आम्हाला या निकालामुळे समजले. त्याबद्दल मंडळाचे आभार.

परंतु गुरुवारी मंडळाने दुसरे आरोपपत्र काढले. आरोपी : गोपाल, सुभेदारांचा सख्खा नातू. आरोप : शत्रूला रसद पुरवणे. म्हणजे माझी मुलगी शत्रू झाली आहे आणि कापूस भरलेले बूट रसद. उद्या रविवारी सुनावणी आहे. या वेगाने पुढच्या आरोपपत्रात उंद्री रस्ता येईल, कारण शत्रूला वाट त्यानेच दिली.

हे ऐकून आशाबाईंनी स्वतःची हद्द जाहीर केली. मी शेजारी आहे, भिंतीपलीकडून ऐकले. "मैदान तुमची छावनी असंन, तर चूल माही छावनी हाये. इथं तुमचा हुकूम चालत नाही. नातवावर खटला घालनाऱ्यानं आपली भाकर आपन थापावी." तेव्हापासून सुभेदार खिचडी स्वतः शिजवतात. ती लागते, असे वासावरून समजते. मला वाईट वाटते, पण तो निकाल मला कायदेशीर वाटतो.

१४. सबब विनंती अशी की :

(अ) निमखेड फौजी येथील निवृत्त सैनिकांच्या मंडळाला कोणावरही कोर्टमार्शल चालवण्याचा, काही जप्त करण्याचा वा कोणाला मैदानातून काढण्याचा अधिकार नाही, असे एका ओळीचे पत्र आपल्या सहीशिक्क्याने द्यावे. ते २६ जानेवारीला रांगेसमोर वाचून दाखवले जावे. वाचणारा कोणीही चालेल. सुभेदारांनी स्वतः वाचले तर उत्तम, त्यांचा आवाज मोठा आहे.

(आ) किंवा, आमचे गाव खरोखर छावणी आहे आणि आम्ही फौजेच्या कायद्याखाली आहोत, असे आपले मत असेल, तर तेही लेखी द्यावे. त्यासोबत कॅन्टीनचे कार्ड, फौजी दवाखान्याची सोय आणि सवलतीचे रेल्वे तिकीट गावातल्या प्रत्येक बाईमाणसाला, शत्रू धरून, मिळावे. दूधवाला मेल्यावर त्याला बिगुल मिळावे. कायदा आमच्या अंगावर टाकायचा आणि साखर सवलतीत तुम्ही न्यायची, हा तराजू मी चक्कीवर लावला तर गाव माझ्याकडे दळण टाकणार नाही.

(इ) पायल २६ जानेवारीला माफी मागणार नाही. तो हुकूम ती मोडणार आहे, हे आधीच कळवते, म्हणजे पुढचे आरोपपत्र मंडळाला वेळेत छापता येईल. झेंड्याला ती सलाम करेल. झेंडा मंडळाचा नाही.

(ई) 'हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही' असे उत्तर कृपया देऊ नये. तसे चार जणांनी तोंडी दिले आहे. पाचवे लेखी आले, तर मी ते देवळाच्या भिंतीला, निकालाच्या शेजारी, त्याच खळीने लावीन.

आपली, नम्र परंतु गुन्हा नाकबूल,

सौ. गोजरबाई भागवत सुरडकर
निमखेड फौजी
दि. १७ जानेवारी २०२६

सोबत : १) दोन्ही आरोपपत्रांच्या झेरॉक्स. २) निकालाची प्रत; झेरॉक्ससाठी भिंतीवरून काढताना एक कोपरा देवाकडेच राहिला, बाकीचा परत लावला आहे. ३) भागवतरावांच्या खऱ्या कोर्टमार्शलच्या कागदांची प्रत, फरक बघण्यासाठी. ४) बूट जोडलेले नाहीत. ते मुद्देमाल आहेत.

ता. क. : दि. १९ जानेवारी. अर्ज पोस्टात टाकायच्या आत आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या लिहिल्या नाहीत तर हिशेब अर्धा राहील.

रविवारी गोपालची सुनावणी झाली. मंडळाचे सभासद आले नाहीत. सईदभाईंनी निरोप धाडला की पंप बिघडला आहे. बाकीच्यांचेही तसलेच काहीबाही बिघडले होते. टेबल, खुर्ची, सुभेदार आणि समोर गोपाल एवढेच होते. बघायला सगळे गाव कुंपणाबाहेर उभे होते. सुभेदारांनी विचारले, गुन्हा कबूल? गोपालने स्वतःच बूट काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, "हाव आबा, कबूल. सांगा लवकर शिक्षा, मले पयाले जायचं हाये."

सुभेदारांनी ते बूट जोडीने सरळ लावले. मग म्हणाले, "मैदानबंदी." हा शब्द त्यांनी नातवाला सांगितला, पण ऐकला बाकीच्यांनी. सोमवारी, म्हणजे आज सकाळी, भरतीची सगळी पोरेपोरी उंद्री रस्त्यावर होती. मैदानावर हजेरीची शिट्टी वाजली तेव्हा हजर फक्त चुना होता.

दुसरी गोष्ट. आज चक्कीचे दार उघडले तर तराजूच्या पारड्यात पायलचे बूट होते. आधी ओळखलेच नाहीत. गुलाबी रंग गेला, हिरव्या नाड्या गेल्या. फौजेत सकाळच्या कवायतीच्या बुटांना लावतात ती पांढरी सफेदी त्यांना तळापासून टोकापर्यंत चोपडलेली होती, आणि नाड्या धुऊन इस्त्री केल्यासारख्या सरळ होत्या. कोणी ठेवले हे विचारायची गरज नव्हती. असे बूट एकच माणूस स्वच्छ करतो. आशाबाई म्हणाल्या, कालपासून त्यांच्या नखांतली सफेदी निघत नाही. पायलने ते पायात घातले, दोन उड्या मारल्या आणि म्हणाली, "आई, हे तर फौजी झाले." धावताना पांढरी भुकटी उडत होती.

बूट आले म्हणून अर्ज मागे घेत नाही. बूट देणाऱ्याने निकाल मागे घेतलेला नाही. तो अजून भिंतीवर आहे, कोपऱ्यासकट. आज हात सैल झाला तो उद्या पुन्हा आवळेल, आणि तेव्हा टेबलापुढे कोणा दुसऱ्याची मुलगी असेल.

तेव्हा शेवटचा हिशेब, कोणी काय भरले याचा. भागवतरावांनी एक फीत भरली, फार मागे, एका बाळंतिणीसाठी. तिची पावती त्यांनी स्वतःच्या तोंडाने यंदा घेतली. पायलने बुटांचा रंग आणि सरावाचे दिवस भरले. गोपालने आजोबा भरले. आशाबाईंनी रोजचे बोलणे भरले. सुभेदारांना खुर्ची मिळणार होती, ती मिळाली; त्यांनी तिच्यासाठी नातू, चूल आणि मैदान भरले, आणि आता मैदानावर ती खुर्ची तेवढी आहे. ज्यांनी काही केले नव्हते त्यांनी भरले, ज्याने केले त्यानेही भरले. एक कायदाच तेवढा अजून मोकळ्या हाताने उभा आहे, महोदय. त्याच्या वाट्याची आपली एक सही निघते.